फक्त अण्णांच्या हातात चालणारं ड्रिल मशीन

अण्णा,

आमचे हे पंधरा दिवस मागे लागलेत की ड्रिल मशीन बदलू या. आता बॅटरीवर चालणारी मशीनं आलीत म्हणे, वायरचं झंझट नाही. मी "बघू" म्हणते आणि चहा टाकायला उठते. मशीन कधी बदलायचं हा प्रश्न आपल्या घरात एकदा येऊन गेलाय. तेव्हा तो मी सोडवला होता, आणि साफ चुकीचा सोडवला होता. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसलेय.

तुमचं जुनं मशीन कंपनी बंद पडली तेव्हा साहेबांनी "घेऊन जा" म्हणून दिलेलं. सगळं धातूचं, उचलायला दोन हात लागायचे. आपण फुलपाड्याला राहायला आलो तेव्हा बिल्डिंग नवी, भिंती कोऱ्या, त्यामुळे कुणाला पडद्याचा रॉड तर कुणाला देव्हारा लावायचा असायचा. तुम्ही मशीन कुणाला द्यायचा नाहीत, मशीनबरोबर स्वतः जायचात. कारण ते करंट मारायचं. आधी टेस्टर लावून बघायचात, "आज बरं आहे" म्हणायचात, मग पायात रबरी सपाता आणि खाली लाकडी पाट. पाट जेवणाचा, त्यामुळे आई कुरकुरायची. होल पाडायला पाच मिनिटं, पण तुम्ही परत यायचात दोन तासांनी. चहा झालेला असायचा, त्या घरातला गळका नळ बघून झालेला असायचा. नोकरी गेल्यावर तुमचा चेहरा उजळायचा तो तेवढ्या वेळापुरताच. हे मला दिसत होतं, पण त्याचा मशीनशी संबंध आहे हे लक्षात आलं नाही.

मी म्हणायचे, "अण्णा, बदला आता ते."

"का? चालतंय ना?"

"करंट मारतंय."

"मारतंय म्हणजे चालतंय."

"मग बदलायचं तरी कधी?"

"मोटरचे कार्बन ब्रश मिळायचे बंद झाले की." आणि ते ब्रश तुम्ही डबाभर आणून ठेवले होते. माझ्या नातवंडांना पुरले असते.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आरसा लावताना मशीनने तुम्हाला स्टुलावरून उडवलं. तुम्ही त्यांच्या सोफ्यावर पडलात, मशीन पोटाशी धरून. काकूंनी किंकाळी फोडली आणि तुम्ही म्हणालात, "सोफा चांगलाय हो, कुठून घेतला?" घरी आलात तेव्हा उजवा हात बधिर झालेला. डाव्या हाताने भात कालवताना मी तुम्हाला पाहिलं आणि त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या दुकानातून नवं मशीन आणलं. प्लॅस्टिकचं अंग, वजनाला हलकं, करंटची भीती नाही. जुनं मी तुमच्यादेखत भंगारवाल्याला दिलं. तुम्ही त्याच्या बिटांची, म्हणजे होल पाडायच्या टोकांची, पेटी तेवढी उचलून आत नेलीत. मी जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "आता कुणीही चालवा, अगदी सोपं आहे!"

लोकांनी माझा शब्द खरा केला. मशीन मागायला यायचे, घेऊन जायचे, आणून द्यायचे. तुम्हाला कुणी बोलवेना. तुम्ही गॅलरीत बिटांची पेटी मांडीवर घेऊन बसायचात आणि समोरच्या विंगेतून घर्रर्र आवाज आला की इथूनच ओरडायचात, "अरे, दाबू नको रे, बिट तापतंय!" त्यांना ऐकू जायचं नाही. आई मला म्हणाली, "पंधरा दिवस झाले, ह्यांनी बाहेर चहा घेतला नाही. माझं डोकं खातात." मी हसले, अण्णा. खरंच हसले.

आणि महिन्याभरात मशीन बिघडलं. म्हणजे इतरांच्या हातात ते चालेना, तुम्ही हातात घेतलं की सुरू. मी तणतणत दुकानात गेले, तुम्हालाही ओढत नेलं. तुम्ही दुकानाबाहेर केळीवाल्याकडे नंदाखाल गावची केळी कशी ओळखायची यावर चर्चा करत उभे. दुकानदाराने बटण दाबलं, ढिम्म. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने खोलायला स्क्रूड्रायव्हर उचलला मात्र, तुम्ही लगबगीने आत आलात, मशीन घेतलंत आणि चालवून दाखवलंत. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्या हाताचाच गुण." तुम्ही म्हणालात, "राहू दे, खोलू नको. मशीनला हात ओळखावा लागतो." बिल्डिंगीत बातमी पसरली. परत "काका, तुम्हीच या" सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत.

तुम्ही गेल्यावर वर्षाने मला किचनमध्ये फळी लावायची होती. मशीन चालेना. मी ते पापडी गावातल्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं. पकड घट्ट बसावी म्हणून तुम्ही मुठीवर गुंडाळलेली काळी टेप त्याने सोलली आणि तो हसत सुटला. "ताई, हे बिघडलेलं नाय. कोनीतरी आत दुसरं बटन बसवलंय, टेपखाली. अंगठ्याने ते दाबून धरलं तरच चालनार. आनि बटन बघा ना, दाराच्या बेलचं हाय!"

तेव्हा मला कळलं की आमच्या दाराची बेल त्या वर्षी कुठे गेली होती. दूधवाल्यावर संशय घेतला होता आईने. तुम्हीच मोठ्या अक्षरात पाटी लिहून लावली होतीत, "बेल बंद आहे, कृपया कडी वाजवा."

मी आधी हसले आणि मग त्याच्या स्टुलावर बसून रडले. रिपेअरवाला घाबरला, पाणी आणून दिलं. मला तुमच्या हाताची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण तुम्हाला विचारायला हवं होतं. निदान मशीन आणल्यावर जिन्यात दवंडी पिटायला नको होती. तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत, भांडला नाहीत, नुसतं बेलचं बटण काढलंत.

"काढून टाकू काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, नवी टेप लावा.

मागच्या वर्षी मीही नोकरीतून निवृत्त झाले. पोरं पुण्याला. आता खालच्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय, बी विंगमध्ये दोघं-तिघं आलेत, सगळ्यांना काही ना काही टांगायचं असतं. "मावशी, तुम्हीच या, ते आमच्या हातात चालत नाही," म्हणतात. मी जाते. चहा चांगला करतात पोरी. नवं मशीन घ्यायला हवं हे मलाही पटतं, वायर दोन ठिकाणी उघडी पडलीय. ह्यांनी काल रागाने स्वतःच चालवून बघितलं, चाललं नाही, तर म्हणाले, "बघ, मेलं शेवटी."

हे पत्र कुठे पाठवणार, म्हणून बिटांच्या पेटीत ठेवतेय. आणि अण्णा, बटण कुठे आहे ते मी अजून ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.