टापटीप ठेवलेलं नुकसान

आदरणीय भाऊसाहेब,

वाकून नमस्कार (कंबर धरल्याने अर्धाच वाकलोय, उरलेला भेटीत). तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहोत, फक्त कंपाउंडची भिंत नाही.

झालं असं, की समोरच्या रस्त्याच्या दुरुस्तीला आलेला रोलर मागे घेताना जो सुटला, तो भिंत, फाटक आणि सात कुंड्या घेऊन थेट आमच्या पायरीशी येऊन थांबला. रोलरवाला भला माणूस, आधी चपला काढल्या आणि मगच माफी मागितली. रस्ते खात्यात भरपाईसाठी अर्ज केला. ते म्हणाले, साहेब पाहणीला येतील, सगळं पडलंय तसंच राहू द्या. घरी येऊन मी हे शब्दशः सांगितलं, पण तुमच्या भगिनीने त्यातलं 'साहेब येतील' एवढंच ऐकलं. मी ऑफिसला गेल्यावर बाईसाहेबांनी पदर खोचला. धड विटा मागच्या दारी रचल्या. तुकडे रस्त्याच्या मजुरांना देऊन टाकले आणि त्यांनी ते आनंदाने खड्ड्यांत भरले (म्हणजे आमचं नुकसान आता त्यांच्याच रस्त्याखाली आहे!). भिंतीच्या जागी झेंडू लावला. साहेब आले, चहा प्याले, म्हणाले, "वा, काय मोकळं अंगण ठेवलंय!" आणि कागदावर लिहून गेले: नुकसान आढळले नाही. मी कपाळावर हात मारला. ही मात्र दोन दिवस हवेत होती, आणि खरं सांगू का, इतकी खूश दिसली की मलाही रागावता येईना.

हातापाया पडून दुसरी पाहणी मिळवली आहे, मंगळवारी. ती शेवटची, त्यानंतर भिंत विसरायची. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांचे कान माझ्यातर्फे ओढा.

आपला,
मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की रविवारी काहीही निमित्त काढून हिला तीन दिवस माहेरी बोलवा. मागच्या विटा मला पुन्हा पडल्या तशा पसरायच्या आहेत. लबाडी काही नाही, आमचंच नुकसान जागेवर आणायचं. हिला कळू देऊ नका.

ता. क. (अक्षर ओळखलंस ना, दादा?) पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याकडेच दिलं होतं. मी येते रे, हौसेने येते. पण हे घरात तीन दिवस एकटे राहिले, तर साहेबांना भिंतीआधी माझ्या स्वयंपाकघराचं नुकसान मोजावं लागेल.