मेधाचे दहा किलोमीटर

३ नोव्हें., सोम.
वजन ९१.४. साखर काठावर आहे, रोज पळा, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी सातला दहावीची बॅच, संध्याकाळी आणखी तीन. पळायचं कधी? पाचला उठलो. एकट्याने जायची लाज वाटत होती म्हणून मेधाला उठवलं. बायको बरोबर असली की फिरायला निघाल्यासारखं दिसतं. ती आली, पंजाबी ड्रेस आणि चपला घालून. खाडीकडच्या रस्त्याने विजेचे दोन खांब पळालो आणि दम संपला. ती मागून माझी पाण्याची बाटली घेऊन चालत आली. आई तेव्हा झोपलेली असते, ते एक बरं.

१० नोव्हें., सोम.
पोटऱ्या भरून आल्यात. फळ्याखालचा डस्टर उचलताना कण्हलो, पोरं हसली. मे. ने बूट घेतले. मीच म्हटलं, घे.

१९ नोव्हें., बुध.
आज ती थांबलीच नाही. मी कोपर स्टेशनकडे वळायच्या जागी गुडघ्यांवर हात टेकून उभा. ती पुढे गेली, परत आली, परत पुढे गेली. विचारलं, दमत नाहीस? "दमते की. पण बरं वाटतं." शाळेत असताना धावायची म्हणे. लग्नाला सतरा वर्षं झाली, हे कधी बोलली नाही. की मी विचारलं नाही.

३० नोव्हें., रवि.
माझं ९०.९. तिचं चार किलो उतरलं. भात मी सोडलाय, ती खाते. कुठल्या सूत्रात बसवायचं हे? आईसुद्धा म्हणते, मेधा किती छान दिसायला लागली रे. माझ्याकडे बघून काही बोलली नाही.

४ डिसें., गुरु.
मैदानावर धावणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यांना शिकवणारे सावंत, बँकेतून रिटायर झालेले, साठीचे, अंगावर चिमूटभर चरबी नाही. त्यांनी मे. ला बोलावून घेतलं. मला म्हणाले, सर, तुम्ही तुमच्या चालीने या. ती त्यांच्याबरोबर पाच किमी धावली. हसत होती. काय बोलत होते ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. माणूस सज्जन आहे. तीच तर पंचाईत.

९ डिसें., मंगळ.
२१ तारखेला ठाण्यात दहा किमीची स्पर्धा. मे. ने नाव दिलं. मला विचारलं नाही, सांगितलं. छातीवर लावायचा नंबर स्वतः जाऊन घेऊन आली. आईला वॉकर लागतो, सकाळी बाथरूमला धरून न्यावं लागतं. त्या दिवशी तुम्ही थांबाल ना, म्हणाली. हो म्हटलं.

१७ डिसें., बुध.
मुलांना सांगितलं, येत्या रविवारी, २१ ला, सकाळी सहा ते नऊ पूर्ण पेपर. पुढच्या रविवारी घेता आला असता. फळ्यावर तारीख लिहिताना मला हे ठाऊक होतं.
घरी सांगितलं तेव्हा मे. कणीक मळत होती. "पुढे नाही ढकलता येणार?" मी म्हटलं, पूर्वपरीक्षा तोंडावर आलीये, पालक विचारतात. मग बरं म्हणाली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. भांडली असती तर…

२१ डिसें., रवि.
पेपर घेतला. तेवीस मुलं माना खाली घालून लिहीत होती आणि मी खिडकीशी. आता सुटले असतील. आता निम्मं झालं असेल. तीन तास हेच. घरी आलो तर मे. आईचे केस विंचरत बसलेली. जेवण नेहमीसारखं. नंबर कुठे दिसला नाही.

२४ डिसें., बुध.
सोमवारपासून ती येत नाही. उठते, आपल्या कामाला लागते. आज मैदानावर सावंतांनी विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना, रविवारी आम्ही वाट पाहिली. आईची तब्येत बरी नव्हती म्हटलं. आईला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं.

२ जाने., शुक्र.
८८.६. पहिल्यांदाच न थांबता तीन किमी. पुढे कुणी नव्हतं, मागेही नव्हतं. घरी येऊन सांगितलं. छान म्हणाली आणि चहा दिला. मनापासूनच म्हणाली असावी. ते जास्त लागलं.

६ जाने., मंगळ.
सांगून टाकलं. पेपर मुद्दाम त्या दिवशी ठेवला होता. तिला माझ्यापुढे धावताना बघवत नव्हतं. मे. मेथी निवडत होती, हात थांबले नाहीत.
"मला माहीत होतं," म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. दहा किलोमीटर काय, परत कधीतरी धावेन. पण तुम्ही ठरवून केलंत."
माफी मागितली. म्हटलं, तू जायला लाग, आईजवळ मी थांबतो. बघते, म्हणाली. मेथी घेऊन आत गेली.

११ जाने., रवि.
सव्वापाचला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी. दाराशी तिचे बूट नव्हते. साडेसहाला आईला उठवून बाथरूमला नेलं, चहा केला. आईने विचारलं, मेधा कुठाय? धावायला गेलीये म्हटलं. सात वाजले. साडेसात. गॅलरीत चार वेळा जाऊन आलो. सावंतांबरोबर असेल, हेच आधी मनात आलं. लाज वाटली, तरी आलंच.
आठला आली. घामाने भिजलेली, चेहरा फुललेला. "एकटीच गेलेले," मी न विचारताच म्हणाली. किती किमी झाले ते अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याऐवजी विचारलं, उद्या मी येऊ का बरोबर?
ती खाली बसून बुटाची नाडी सोडत होती. वर बघितलं नाही.
"आईंजवळ कोण थांबेल?"
आई त्या वेळी झोपलेली असते, हे तिलाही माहीत आहे.