दाताला लागणारा पास्ता

रविवार, १४ जुलै १९९६, राजाजीनगर, बंगलोर

आज पास्ता जमला. जमलाच! होसकोटेच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला इटालियन इंजिनिअर आलाय, त्याने सांगितला तस्सा केला. लसूण, टोमॅटो, कोवळा दोडका, मीठ. बस्स. मसाला नाही, मोहरीचा दाणासुद्धा नाही. आणि त्याचा मुख्य नियम: पास्ता दाताला लागला पाहिजे, लगदा करायचा नाही.

सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"तुझ्या शेवया स्वल्प कच्च्या राहिल्यात गं."

"कच्च्या नाहीत अक्का, दाताला लागायलाच हव्यात!"

केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी! वर तो नियम आणखी दोनदा ऐकवला. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत त्यांनी सावकाश ताटली संपवली. यांनी तर दोनदा वाढून घेतला. मी हवेत.

मग भांडी आवरताना बेसिनजवळच्या वाटीत पाहते, तर अक्कांची कवळी! सकाळपासून हिरडी दुखत होती म्हणून काढून ठेवलेली. म्हणजे बाई सगळा पास्ता नुसत्या हिरड्यांनी जेवल्या? आणि मी त्यांना दाताचे नियम शिकवत होते?

धावत जाऊन विचारलं, "अक्का, सांगितलं का नाहीत?"

"तू सारखी दात, दात करत होतीस," त्या म्हणाल्या. "मग मला नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण उद्या त्या इंजिनिअरला विचारणारच आहे: तुमची आजी काय खाते हो?