शेवटचा भाग माझ्याकडे आहे

प्रिय आंपारो,

अक्षरं एवढी मोठी बघून हसू नकोस. तुझ्या डोळ्यांवर पडदा आलाय असं कळलं, म्हणून मुद्दाम बोटाएवढी काढतेय. नाहीतरी माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि तेही तूच शिकवलेलं, तुमच्या खुराड्यामागच्या भिंतीवर कोळशाने. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पण ऐक, शहात्तराव्या वर्षी मी अख्खी कादंबरी वाचली गं! अख्खी म्हणजे शेवटचा भाग सोडून. तेच सांगायला बसलेय.

आपल्या वाचनमंडळात प्रत एकच आणि बायका अकरा. ग्रंथालयातल्या युसिमीने पुस्तक उसवलं, नऊ भाग करून जाड दोऱ्याने शिवले आणि घरोघर फिरायला सोडले. माझ्यानंतर तुझं घर. दर खेपेला तुझ्या कडीला पिशवी अडकलेली सापडायची ना? मी कडी वाजवायचे आणि पोरीसारखी पळायचे. गुडघे अजून शिव्या देतात. चव्वेचाळीस वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, पण मी एकही भाग चुकवला नाही.

शेवटचा मात्र तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे, तांदळाच्या डब्याखाली. परवा पावाच्या रांगेत ओबदुलिया सगळ्यांदेखत ओरडली, "काय गं नेरेइदा, पाठ करतेस की काय? मरायच्या आत आम्हालाही कळू दे पुस्तकातल्या त्या पोरींचं काय झालं!" मी म्हटलं, "तू कसली मरतेस बाई, आधी पाव घेशील, मग मरायचं बघशील!" रांग खदखदली. मीही हसले. घरी आले, वीज गेलेली. चुलीवर ती वाटाणे मिसळलेली कॉफी उकळली, बसून प्यायले, पण डबा काही उचलला नाही.

सुरुवातीला काय मजा आली होती! नदीकाठच्या दोन पोरी, एकीच्या पायात चपला, दुसरी अनवाणी. मी सकाळी एक पान वाचायचे, बोट ठेवून, ओठ हलवत. नात म्हणायची, "आजी, जपमाळ ओढतेस का?" त्या दोघी आंबे चोरतात तिथे तर मी एकटीच इतकी हसले की मांजर उठून गेलं. पाद्रीबाबांचे पेरू आठवले. झाडावर तू, खाली झगा पसरून मी, आणि पकडली गेलीस तेव्हा माझं नाव न सांगणारी तू.

मग सातवा भाग आला. एकीचा बाप गाव सोडून पळतो आणि सगळा वर्ग तिच्यावर उठतो. दुसरी नुसतं दप्तर उचलते आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसते. एवढंच. ते एक पान मला चार सकाळी पुरलं. आठव्यात दोघी म्हाताऱ्या झाल्यात आणि ती दप्तरवाली मैत्रिणीच्या घरी जायला निघालीय. नवव्यात दार उघडतं की नाही, ते बघायचं धाडस मला होत नाही.

काल युसिमी सांगत होती, मिरेलीस फेब्रुवारीत स्पेनला गेल्यापासून तू भाग न वाचताच पुढे देतेस. वाचून दाखवणारी लेकच गेली. विचारलं की म्हणतेस, "वाचला, छान आहे." म्हणजे सातवाही तू वाचला नाहीस. खरं सांगू? आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग भांडी घासता घासता रडू आलं.

आंपारो, तुझा भाऊ बोटीने देश सोडून निघाला त्या दिवशी तुमच्या दारात माणसं ओरडत होती, "चालते व्हा, किड्यांनो!" देश सोडणाऱ्याला तेव्हा किडाच म्हणायचे, त्याच्या घरच्यांनाही. तू समजत आलीस की मी खिडकी लावून घरात बसले होते. मीही तसंच समजू दिलं. मी गर्दीत होते. कोणीतरी कोपराने ढोसून म्हणालं, "तुझी मैत्रीण ना ती?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच सकाळी माझ्या छोट्या दानीला ताप होता म्हणून तू तुझ्या कोंबड्यांची दोन अंडी दिली होतीस. एक मी त्याला उकडून घातलं. दुसरं माझ्या खिशात होतं. तुझ्या निळ्या दारावर फुटून ओघळलेलं पहिलं अंडं माझं. ते तुझंच होतं. त्यानंतर बाकीच्यांनी फेकली. आजवर हे कोणाला सांगितलं नाही, दानीलासुद्धा नाही. सातवा आणि आठवा भाग मी परत मागून आणलेत. गुरुवारी तीन वाजता तिन्ही घेऊन येते. कडी वाजवीन आणि या वेळी पळणार नाही. दार उघडलंस तर तुझ्याशेजारी बसून सातव्यापासून वाचून दाखवीन, बोट ठेवून, सावकाश. नाही उघडलंस तर बाहेर पायरीवर बसून मोठ्याने वाचीन. तुझे कान अजून चांगले आहेत म्हणतात.

तुझीच,
नेरेइदा