मंगळूचे नाव घेण्याबाबत

मी, विमलाबाई भिकाजी आडसरे, वय अडुसष्ट, धंदा घरकाम, राहणार द्वारकेजवळ, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा दिनेश याला दाखल्याशिवाय काही पटत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला माणसे येतात आणि चहा पिऊन जातात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे मागचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

१. राहते घर यजमानांनी माझ्या नावावर घेतले होते. ते दिनेश व मुलगी आशा यांना निम्मे निम्मे द्यावे. आशा सटाण्याहून येईल आणि मला नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

२. पोस्टात जे असेल ते आशाची मुलगी यशश्री हिच्या शिक्षणाला. लग्नाला नाही.

३. यजमान आमच्या दुकानात ट्रकची सीट कव्हरे शिवत. ते मशीन, मोठी कात्री व सुया सुनीलला द्याव्यात. तो त्यांच्या हाताखाली तयार झाला. यजमान १९९४ साली गेले, तेव्हापासून मी मशीनला दर महिन्याला तेल घालते. चालवत कोणी नाही. सुनीलने ते चालवावे, कोपऱ्यात झाकून ठेवू नये. त्याच दुकानात बसून मी ट्रकच्या पाठीवरचे वाचत वाचायला शिकले, म्हणून मला 'घर'च्या आधी 'हॉर्न' वाचता आले.

४. पितळी घंगाळ जाऊबाईंनी चार दिवसांसाठी नेले, त्याला वीस वर्षे झाली. ते त्यांनाच दिले असे समजावे, म्हणजे माझ्यामागे कोणाला मागायला जावे लागणार नाही.

५. आता मुख्य गोष्ट. वकील म्हणाले, ही मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

यजमानांच्या बाराव्याला रामकुंडावर सपिंडी होती. त्यात गेलेल्या माणसाचा पिंड त्याच्या बापात, आज्यात आणि पणज्यात मिसळतात. गुरुजींनी नावे विचारली. बाप गेणू, आजा चंदर, इथपर्यंत दिनेशने सांगितले. "पणजोबा?" दिनेशने माझ्याकडे पाहिले, मी धाकटे दीर पंढरीनाथ यांच्याकडे पाहिले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना म्हणाले, "गोविंद." पिंड मिसळला.

घरी आल्यावर मी विचारले, "भाऊजी, हा गोविंद कोण?"

"वहिनी, गुरुजी खोळंबले होते. काहीतरी सांगावं लागतं. आणि देवाचंच नाव आहे, चालून जातं."

माझ्या यजमानांना अनोळखी माणसाशेजारी बसायला आवडत नसे. एस.टी.त जागा असली तरी ते उभे राहत. त्यांना आम्ही कायमचे एका कोणीच नसलेल्या माणसात मिसळून आलो होतो.

पुढे नानांनी आडसरे कुळमंडळ काढले, अध्यक्ष झाले आणि २००१ साली कुळाचे पुस्तक छापले. पहिल्या पानावर मूळ पुरुष गोविंदराव, डोक्याला फेटा, कमरेला तलवार. चित्रकाराने नानांना समोर बसवून चित्र काढले, त्यामुळे गोविंदराव नानांसारखे दिसतात. मंडळात हाच पुरावा धरला जातो.

मी मंडळात गेले नाही. सरोजिनीबाई दर रविवारी वाचनालयात वंशावळीचा अभ्यास गट घेतात, तिथे जाऊ लागले. वेगवेगळ्या आडनावांची माणसे तिथे एकमेकांना मदत करतात. बाईंचे नियम थोडे. आधी कुळातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारायचे. नाव आपण सुचवायचे नाही. आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन तोंडांनी तेच सांगेपर्यंत पेनाने लिहायचे नाही, पेन्सिलने लिहायचे. माझी पेन्सिल बरीच झिजली.

घोटीला आमच्या भाऊबंदातल्या अक्काबाई होत्या. ऐकू कमी, आठवण लख्ख. त्या म्हणाल्या, "चंदरचा बा मंगळू. पेठाकडून भात लावाया आलता. आडसऱ्यांना एकच पोर, तिच्यासंगं लगीन लावून घरजावई करून घेतला. लय कामाचा व्हता. बोलायचा नाय." गावाने त्याला सासऱ्याचेच आडनाव लावले आणि तेच पुढे चालले.

मग गटातल्या माणसांच्या ओळखीने पेठ तालुक्यात गावोगाव फिरले. डोंगरातल्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, तुमच्यातले कोणी कधी खाली गेले होते का? ते म्हणाले, "आमच्या आज्याचा भाऊ मंगळू, घोटीला भात लावाया गेला. गेला तो फिरला नाय." मी सांगितले, तो राहिला. त्यांनी विचारले, "पोरंबाळं झाली का त्याला?" मी म्हटले, पुष्कळ. त्यांतले एक अध्यक्ष आहेत.

त्या दिवशी पेनाने लिहिले.

नानांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "घरजावई? म्हणजे मी आडसरे नाही?"

"आहात की. पणजीकडून."

"मंडळाच्या घटनेत पुरुषाकडूनच धरतात."

"घटना कोणी लिहिली?"

"मीच. वहिनी, मी असेपर्यंत हे नाव कुंडावर निघायचं नाही."

हे दिनेशसमोर झाले. नानांनी त्याला नोकरी लावून दिली आहे, आणि तो उपकार विसरणारा नाही. मी त्याला म्हटले, वडिलांचे श्राद्ध एकदा खऱ्या नावाने कर. तो म्हणाला, "आई, पाणी कुणाच्याही नावानं दिलं तरी पोचतं."

"मग लाइटबिल शेजाऱ्याच्या नावावर भरून बघ."

तो हसला, पण हो म्हणाला नाही.

गुरुजींना मी विचारून घेतले. सपिंडी पुन्हा करत नाहीत, पण मुलाने श्राद्धाला खरे नाव घेऊन पिंड दिला तर चूक सुधारली असे धरतात. मला स्वतःला हे करता येत असते तर कधीच केले असते. म्हणून दिनेशने रामकुंडावर भिका, गेणू, चंदर आणि मंगळू अशी चार नावे मोठ्याने घ्यावीत. माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. वकील म्हणाले, घर मिळण्यासाठी ही अट घालू. मी नको म्हटले. अट घातली तर तो घरासाठी नाव घेईल. घर त्याचे आहेच. नाव घेतले नाही तरी आहे.

६. माझे सर्व कागद अभ्यास गटाला द्यावेत. त्यातले पेन्सिलने लिहिलेले खरे मानू नये.

७. वरील लिहून झाल्यावर मी नानांना साक्षीदार म्हणून बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकिलांनी सांगितले. नानांनी वाचला. चष्मा काढून पुसला आणि पाचवे कलम पुन्हा वाचले. मग म्हणाले, "त्या पाड्यावर त्याचं नाव अजून घेतात?"

"घेतात. सर्वपित्रीला त्याच्या नावाचा घास काढतात. मेलाच असेल असं धरून."

"कधीपासून?"

"तो आला नाही तेव्हापासून. आजोबांनी काढला, मग बापानं, आता ते काढतात."

"आणि आपण गोविंदला वाढत बसलो," नाना म्हणाले, आणि पेन मागितले.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून, समजून सही केले आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १४ सप्टेंबर २००५

सही: विमलाबाई भिकाजी आडसरे

साक्षीदार:

१. सरोजिनी दत्तात्रय वैशंपायन. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली.

२. पंढरीनाथ गेणू आडसरे. माझ्यासमोर सही केली. कलम ५ मधील माझ्याविषयीचा मजकूर मान्य नाही. मंगळू हे नाव मान्य आहे. दिनेशला मी घेऊन जाईन.