चहाडखोर डबी आणि आत्याची कॉफी

तीर्थस्वरूप गुडवेग आत्या हिला,

ज्याला तू वाढवलंस, शिकवलंस आणि आता ज्याचं नावसुद्धा घेत नाहीस म्हणे, त्या टोर्लाइफचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बर्गनला लेकीकडे करमतंय का? (करमत असेल तर कळवू नकोस.) इकडे बर्फ खिडकीला टेकलाय, तुझ्या सूनबाईला, रांदीला, सर्दी झालीय आणि ती माझ्याशी मोजकंच बोलते. पण त्याचा सर्दीशी संबंध नाही.

येत्या शनिवारी शाळेत वीजमंडळीची सभा आहे. मी केलेल्या डब्या घराघरांतून उपटून काढायच्या की ठेवायच्या, यावर मतदान होणार. दुकानदार ओस्मुंड गावभर सांगत फिरतोय की इंजिनिअरने विजेबरोबर प्रत्येक घरात एक चहाडखोर बसवलाय. नाव चिकटलंच! आता पोरंसोरंही माझ्या डबीला ‘चहाडखोर’च म्हणतात. वीस वर्षं विद्युत अभियंता म्हणून झिजलो, त्याचं हे फळ.

तुला माझे आधीचे शोध आठवत असतील. (छताला लोणी चिकटवणारं घुसळणयंत्र कृपा करून आठवू नकोस.) पण आत्या, ही डबी माझ्या आयुष्यातलं एकच काम असं आहे की जे पहिल्या दिवसापासून बरोबर चाललंय. आपला ओढा केवढासा, त्यावरचं विजेचं यंत्र केवढंसं! एकवीस घरांनी आपापल्या वाट्यात राहायचं ठरवलं तरच ते पुरतं. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ आठव. सगळ्यांच्या इस्त्र्या एकदम तापल्या आणि दरीतले सगळे दिवे विझत्या निखाऱ्यासारखे लाल झाले. पाद्रीबुवांना प्रवचन वाचता येईना, म्हणून त्यांनी ते तोंडपाठ म्हटलं आणि दीड तास लांबवलं. तेव्हा हाच ओस्मुंड माझ्या दारात येऊन ओरडला होता, “काहीतरी कर रे बाबा!” मी केलं. कुणी वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली की डबीतली पट्टी उडते, पडते, पुन्हा उडते, आणि त्या घराचे दिवे लुकलुकत राहतात. एक वस्तू बंद केली की थांबतात. कुणाला दंड नाही, कुणाशी भांडण नाही.

आता आपली दरी अशी अरुंद की या बाजूच्या खिडक्या त्या बाजूला दिसतात, हे मी विचारात घ्यायला हवं होतं, असं रांदीचं म्हणणं. मी वीज विचारात घेतली होती, माणसं राहिली. परिणाम असा की नाताळच्या सात प्रकारच्या बिस्किटांपैकी कुणाच्या घरी कितवा प्रकार भट्टीत गेलाय, हे अख्ख्या गावाला बसल्या जागी कळू लागलं. ‘मी सगळं लाकडावरच भाजते हो,’ असं म्हणणाऱ्या पाद्रीणबाईंचं घर तर आठवडाभर लुकलुकत होतं. ओस्मुंडच्या घरी तर रोज. म्हणून त्याचा राग. पण डब्या काढल्या तर यंत्र महिनाभरात जळेल, आणि मग त्याच्याच दुकानातले रॉकेलची पिंपं हातोहात खपतील, हे तो सभेत सांगणार नाही. मी सांगणार आहे. माझं ठरलंय. एकट्याला उभं राहावं लागलं तरी मी मागे हटणार नाही.

इथवर तू वाचलंस, म्हणजे चिठ्ठी चुलीत गेली नाही. आता ज्या विषयाला मी तीन पानं वळसा घालतोय त्याकडे येतो. तुझा सत्तरावा वाढदिवस.

मला काय माहीत होतं, आत्या? तू तर चारचौघांत म्हणायचीस, विजेवरची कॉफी म्हणजे गुरांचं पाणी. तू फक्त शंभर वॅटचा वाटा घेतलास. “म्हातारीला दोन दिवे पुष्कळ झाले,” म्हणालीस. त्या संध्याकाळी सगळं गाव चांगले कपडे घालून तुझ्या बैठकीत बसलेलं, पाद्रीबुवांच्या हातात केक, आणि दिवे लुकलुकायला लागले. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी उठून उभा राहिलो. उत्साहाने! “बघा, डबी कशी अचूक चालते! या घरात कुठेतरी पाचशे वॅटची शेगडी चालू आहे!” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती शोधायला गेलो. कोठीत, पिठाच्या पिंपामागे, टॉवेलखाली सापडली. आणि मी ती उचलून बैठकीत सगळ्यांना दाखवायला आणली, आत्या. कॉफीच्या किटलीसकट.

लोक हसले. मीही हसलो. तुझा चेहरा मी पाहिलाच नाही, मी डबीकडे बघत होतो. आठवड्याने तू बर्गनला निघालीस, धक्क्यावर माझ्याकडे न बघता बोटीत चढलीस, तेव्हा मला कळलं. माझं चुकलं. साफ चुकलं. जिने मला माणसात आणलं तिची मी माणसांत फजिती केली.

रांदी नमस्कार सांगते. प्रकृतीला जप.

तुझा,
टोर्लाइफ

ता. क. – सहज सांगतो. मी मोजदाद केली. दहा घरं डबीच्या बाजूने, दहा विरुद्ध. एकविसावं घर तुझं. सहीचं पत्रही चालतं. शुक्रवारच्या बोटीने आलं तर पोचतं.

ता. क. २ – वरचं वाचून रांदी म्हणाली, “म्हणजे हे सगळं रडगाणं मतासाठी होय?” मी दोन तास विचार केला. सुरुवात मतासाठीच केली होती, हे कबूल. पण आता मत नाही दिलंस तरी चालेल. ओस्मुंडला दे. त्याने सगळं मोडलं तर मी पुन्हा उभारीन, मला दुसरं येतंय काय? तू तेवढी घरी ये.

ता. क. ३ – माझ्या आठशे वॅटमधले पाचशे मी काल तुझ्या नावावर केले. तेव्हापासून आमचंच घर लुकलुकतंय. ओस्मुंडने दरीपलीकडून टोपी काढून सलाम केला, रांदीने मोजकं बोलणंही बंद केलं. तुझी शेगडी कोठीतून काढून स्वयंपाकघरात, खिडकीजवळ मांडली आहे. आता दोन दिवे लाव, कॉफी कर, गावाला बोलाव, काही होणार नाही. फक्त सोबत इस्त्री लावू नकोस. लावलीस तर लुकलुकेल, आणि सगळं गाव बघेल, आणि त्याला मी काहीही करणार नाही.