दोन ढेकळं

प्रिय ताई,

पत्र बघून म्हणशील, लोखंड्याला फोन महाग झाला की काय! पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

इकडे सगळे खुशाल. कारखान्यात नव्या कापणीयंत्राचा आराखडा सोमवारी पक्का व्हायचाय. माझी सही झाली की काम सुरू. मी सही करणार नाही असं सांगून टाकलंय. सांगाडा हलका करा, चाकं रुंद करा, आणि ओल्या रानात यंत्र घालू नका हे विकतानाच सांगा, एवढंच माझं मागणं. विक्रीवाले साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, यंत्र करताय की पाळणा?" सगळे हसले, मीही हसलो. त्यांचंही खोटं नाही. गिऱ्हाईक पत्र्यावर टिचकी मारतं आणि जरा पोकळ वाजलं की पाठ फिरवतं. ऐकलं नाही तर मला सुट्या भागांच्या गोदामात बसवतील, तेही बोलून झालंय. बसेन. खिळे मोजायला मला कमीपणा नाही.

मागच्या खेपेला तुझ्याकडे आलो, तेव्हा खालच्या रानात पाणी तुंबलं होतं. पिकाची मुळं आडवी पसरलेली, खाली जायला वाटच नसल्यासारखी. तू म्हणालीस, रान रुसलंय; माझ्याच हाताला यश नाही, आता कुणाला तरी कसायला देऊन टाकते. जेवताना मी भाजी तशीच ठेवली, तर तुला वाटलं खारट झाली. तू भांडी आवरत असताना मी सळई घेऊन रानात गेलो होतो. बांधाजवळ ती कोपरभर आत गेली. कापणीयंत्राच्या चाकोरीत चार बोटांवर अडली. अंगाचा सगळा भार टाकला, तरी हलली नाही.

शाळेमागची आपली पायवाट आठवते? आपण पोरंसोरं, त्यातली निम्मी अनवाणी, तरी तिच्यावर गवताचं पातं कधी उगवलं नाही. आणि बाबा रानात शिरताना चपला बांधावर काढायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, घरात शिरताना काढतो, मग इथं का नको? तेव्हा मला ते देवभोळेपणाचं वाटलं होतं. आता रोज सकाळी डोळे मिटून हात जोडले की आधी त्या चपलाच दिसतात.

आता जे त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, ते लिहितो. तुझ्या रानात फिरतं ते यंत्र आधी आठशे किलोंनी हलकं होतं. लोक डबडं म्हणून हिणवायचे, म्हणून त्याचा पत्रा आणि सांगाडा मी जाड केला. मीच. खप वाढला, मला बढती मिळाली, आणि तुला "हेच लाव" असं छातीठोकपणे सांगणाराही मीच. तुझ्या हाताला यश आहे, ताई. रान तू बिघडवलेलं नाहीस, माझ्या यंत्राच्या वजनानं ओली माती दडपून दगड झालीय. ते कुणाला देऊ नकोस, आणि माती वाळल्याशिवाय आमचं यंत्र आत घेऊ नकोस, चालवणारा कितीही घाई करो. मला मात्र दोन ढेकळं पाठव. एक चाकोरीतलं, एक बांधाजवळचं, जुन्या कापडात नीट गुंडाळून. सोमवारी साहेबांच्या टेबलावर दोन्ही ठेवीन आणि दोन्हींवर पेलाभर पाणी ओतीन. एक पिईल, दुसऱ्यावरून ओघळून त्यांच्या कागदांवर जाईल. बाकी मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. रागावली असशील तर त्याच पुडक्यात चार शब्द लिही, मऊ करू नकोस. सोमवारचं काहीही होवो, पुढच्या रविवारी कुदळ घेऊन येतो. चपला बांधावर काढीन.

तुझाच,
लोखंड्या